एका बटणावर दिवा आणि पंखा: भाड्याच्या घरातलं एक प्रकरण

आमच्या भाड्याच्या घरात बाथरूमचा दिवा आणि एक्झॉस्ट फॅन एकाच बटणावर होते. बटण दाबलं की दोन्ही चालू, काढलं की दोन्ही बंद. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरचं टू बीएचके. घर बघायला गेलो ती दुपारची वेळ होती. नळाला पाणी येतं का, गिझर आहे का, फरशीला उतार नीट आहे का, एवढं पाहिलं. फॅन घरघरला तेव्हा नवरा म्हणाला, "चला, एक्झॉस्ट आहे, बरं झालं." दोन्ही एका बटणावर आहेत हे तेव्हा दिसलंही असेल, पण त्याचं काही वाटलं नाही.

बाथरूम २.१ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. त्याला बाहेरच्या हवेची खिडकी नाही. वर काचेच्या पट्ट्यांचं व्हेंटिलेटर आहे, ते इमारतीच्या डक्टमध्ये उघडतं, आणि त्याच व्हेंटिलेटरच्या अर्ध्या भागात सहा इंची फॅन बसवलेला. डक्ट म्हणजे चार मजल्यांचा उभा बोगदा, त्यात आवाज घुमतो. आणि बाथरूमची भिंत लागून आहे ती आई आणि माझी मुलगी झोपतात त्या खोलीला.

आईचं वय ७६. रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. पहिले काही दिवस ती बटण दाबायची, फॅन सुरू व्हायचा, आणि सहा वर्षांची नात दचकून उठायची. मग आईने काय केलं, तर दिवा लावणंच सोडलं. आम्हाला सांगितलं नाही. पॅसेजमधला झिरोचा दिवा जेवढा आत येईल तेवढ्या उजेडात जायची. एका पहाटे धप्प असा आवाज आला म्हणून धावले, तर आई कमोडच्या बाजूचा नळ घट्ट धरून उभी. पाय सरकला होता, पडली नव्हती. मी विचारलं, "दिवा का नाही लावलास?" तर म्हणाली, "अगं, पोर उठते."

त्या वाक्यानंतर हे काम माझ्यासाठी 'कधीतरी करून घेऊ' या यादीत राहिलं नाही.

दिवसाची अडचण बरोबर उलटी होती. आंघोळ करून बाहेर पडताना प्रत्येक जण सवयीने बटण बंद करतो, कारण रिकाम्या बाथरूममध्ये दिवा जळताना बघवत नाही. त्याबरोबर फॅनही बंद. म्हणजे वाफ सगळ्यात जास्त असते नेमक्या त्या वेळी फॅन थांबतो. जूनमध्ये राहायला आलो, ऑगस्टपर्यंत छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली, दाराच्या प्लायचा खालचा कडा फुगला. एकाच बटणाने दोन्हीकडून अडचण केली होती: रात्री दिवा हवा, फॅन नको, सकाळी फॅन हवा, दिवा नको.

इथे एक गोष्ट सांगते, कारण ओळखीत ज्याला सांगितलं त्याने पहिल्यांदा हेच विचारलं: "बिल वाचेल का?" नाही. आमचा दिवा ९ वॅटचा एलईडी, फॅन ३० वॅटचा. फॅन रोज चाळीस मिनिटं चालला तर महिन्याला ०.६ युनिट होतं. दिवा त्यासोबत विनाकारण चालला तर ०.२ युनिटही होत नाही. विजेच्या पैशांसाठी हे काम करायचं असेल तर करू नये. आमचं कारण आईचा पाय आणि छताची बुरशी हे होतं.

बोर्ड उघडल्यावर

काम किती सोपं किंवा किती अवघड, हे एका गोष्टीवर ठरतं: बोर्डापासून आतपर्यंत किती वायर गेल्या आहेत. बाहेरून बटणाकडे बघून ते कळत नाही.

दोन शक्यता असतात. दिव्याची वेगळी आणि फॅनची वेगळी, अशा दोन वायर बोर्डापर्यंत आलेल्या असतात आणि तिथे कुणीतरी त्या एकत्र पिळून एकाच बटणाला लावलेल्या असतात. तसं असेल तर दुसरं बटण घालायचं, एक वायर त्यावर न्यायची, अर्ध्या तासात काम संपलं. दुसरी शक्यता म्हणजे बोर्डावरून एकच वायर आत गेली आहे आणि आत दिव्याच्या पॉइंटवरून पुढे फॅनला लूप मारला आहे, म्हणजे तीच जोडणी पुढे नेली आहे. मग बोर्डावर कितीही बटणं लावली तरी उपयोग नाही.

आमचा बोर्ड बाथरूमच्या बाहेर, दाराच्या उजव्या हाताला. सहा मॉड्यूलची प्लेट: गिझरचं १६ अँपिअरचं बटण, दिवा-फॅनचं ६ अँपिअरचं बटण, पॅसेजच्या दिव्याचं बटण, एक सॉकेट, आणि शेवटी एक डमी, म्हणजे बटणाची रिकामी जागा झाकणारा कोरा तुकडा. त्या डमीने मला फार आशा लावली. जागा रिकामी ठेवली आहे म्हणजे मूळ आखणीत फॅनचं बटण तिथे असणार, असं वाटलं.

जवळच्या दुकानातून एक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने डीबीतला, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतला, दिव्यांचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) पाडला. पॅसेजचा दिवा गेला आणि क्षणभरात परत आला. घरमालकांनी बसवून दिलेला इन्व्हर्टर आहे आणि दिव्यांचं सर्किट त्याच्यावर आहे. एमसीबी पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो आपलं काम चोख करतो: त्याच वायरमध्ये बॅटरीवरून २३० व्होल्ट पाठवतो. आमच्याकडे पॅसेजचा दिवा चालू होता म्हणून लगेच दिसलं. तो बंद असता तर "एमसीबी पाडलाय" या भरवशावर त्याने प्लेट उघडून आत बोट घातलं असतं. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे एमसीबी आणि इन्व्हर्टरचं आउटपुट, दोन्ही बंद करून, मग टेस्टरने आणि शक्यतो टेस्ट लॅम्पनेही तपासून मगच प्लेट काढावी. हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं म्हणून इथे ठळकपणे लिहिते आहे.

प्लेट काढली. दिवा-फॅनच्या बटणाला एकच लाल वायर निघून वर जात होती. डमीच्या मागे काहीच नव्हतं. मग आत आरशावरच्या दिव्याची पट्टी उतरवली. तिच्यामागच्या बॉक्समध्ये बोर्डाकडून तीन वायर आल्या होत्या, लाल (फेज, म्हणजे वीज आणणारी), काळी (न्यूट्रल, म्हणजे परत नेणारी), हिरवी (अर्थिंगची, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी), आणि तिथून तशाच तीन पुढे फॅनकडे गेल्या होत्या. लाल लालला जोडलेली, काळी काळीला. म्हणजे दुसरी शक्यता.

हिरवी वायर

त्या इलेक्ट्रिशियनने बॉक्सकडे पाहिलं आणि लगेच तोडगा काढला. "ताई, पाइपमध्ये तीन वायर आहेत ना, त्यातली ही अर्थिंगची. तिला तसं काही काम नसतं. बोर्डात हिला अर्थमधून काढून फॅनच्या बटणाला लावू, इथे फॅनला जोडू. नवीन वायर नको, फोडाफोड नको. पंधरा मिनिटं."

ऐकायला इतकं सोपं होतं की मी जवळजवळ हो म्हणाले होते. हात पुढे करून त्याला थांबवलं ते एवढ्यासाठीच की बॉक्समध्ये मला हिरव्या वायर दोन नव्हे, तीन दिसत होत्या. एक बोर्डाकडून आलेली, एक फॅनला गेलेली. तिसरी कुठे गेली? त्याने ओढून पाहिलं. ती खाली गिझरच्या सॉकेटला गेली होती. ज्याने मूळ वायरिंग केलं त्याने गिझरला फेज आणि न्यूट्रल जाड वायरने स्वतंत्र नेले होते, पण अर्थिंग मात्र दिव्याच्या बॉक्समधूनच लूप केलं होतं. हीसुद्धा चुकीचीच पद्धत आहे, गिझरचं अर्थिंग त्याच्या जाड वायरसोबतच जायला हवं होतं.

आता त्या पंधरा मिनिटांच्या तोडग्याचं पुढे काय झालं असतं ते बघा. हिरवी वायर बोर्डात अर्थवरून सुटली. फॅनचं बटण दाबलं की तिच्यात फेज आला. तिसरी हिरवी त्याच गाठीत राहिली असती तर तो फेज थेट गिझरच्या सॉकेटच्या अर्थ पिनवर, तिथून गिझरच्या पत्र्याच्या टाकीवर. खाली ओल्या फरशीवर कुणीतरी अनवाणी उभं राहून नळाला हात लावतंय. एमसीबी पडला नसता, कारण एमसीबी पडायला मोठा करंट लागतो, आणि माणसाला मारायला त्याच्या एक शतांशाहूनही कमी पुरतो.

समजा तिसरी वायर त्याने वेगळी केली असती. तरी गिझर आणि फॅन दोन्ही बिनअर्थिंगचे झाले असते. शिवाय हिरव्या रंगात फेज लपून बसला असता. आमच्यानंतर येणारा भाडेकरू, त्याने बोलावलेला वायरमन, तो हिरवी बघून अर्थच समजणार. वायरचा रंग ही पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लिहून ठेवलेली खूण असते, आणि तिच्यावर तो जीव टाकून हात घालतो.

मी त्याला भेटीचे पैसे दिले आणि काम थांबवलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने असं अनेक घरांत केलं असल्याचं तो सहज सांगत होता, आणि मला तेच जास्त अस्वस्थ करून गेलं.

दुसराही एक सोपा मार्ग तेव्हा सुचवला गेला, तो शेजारच्यांकडून: फॅनला प्लग लावायचा आणि गिझरच्या सॉकेटमधून मल्टिप्लगने चालवायचा. म्हणजे फॅन हवा असेल तेव्हा गिझरचं बटण चालू करायचं. उन्हाळ्यात वाफ घालवायला गिझर तापवायचा, हे एक. आणि गिझरचा एमसीबी जाड वायरच्या हिशोबाने बसवलेला असतो, फॅनची बारीक वायर आत जळायला लागली तरी तो हलणार नाही, हे दुसरं. फॅनच्या वायरमध्येच आत एक लटकतं बटण घालायचाही सल्ला मिळाला. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०३६४ मालिकेतल्या नियमांत, खाली वेगळा ट्रे नसलेला शॉवर असेल तर त्याच्या तोंडापासून १.२ मीटरपर्यंतचा आणि २.२५ मीटर उंचीपर्यंतचा पट्टा हा पाण्याचा पट्टा धरतात, तिथे साधं बटण चालत नाही. आमचं अख्खं बाथरूमच १.२ मीटर रुंद. बटण बाहेरच हवं.

काकूंचा फोन

घरमालकीण नाशिकला असतात, आम्ही त्यांना काकू म्हणतो. करार ११ महिन्यांचा, नोंदणी केलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. करारात नेहमीचं वाक्य आहे: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय बांधकामात वा फिटिंगमध्ये बदल करायचा नाही. काही जण म्हणाले, बटण तर बदलायचंय, कशाला विचारतेस. पण हे बटण बदलणं नव्हतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही हाच फरक केलेला आहे: दिवा, पंखा, फ्यूज, बटण जसंच्या तसं बदलायला सूट आहे, पण वायरिंगमध्ये भर घालायची किंवा फेरफार करायचा तर तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचा. आम्ही दुसऱ्याच्या घराच्या भिंतीतल्या पाइपमध्ये एक वायर वाढवणार होतो.

फोन केला तर काकूंचं पहिलं वाक्य: "भिंत फोडायची नाही हं. मागच्यांनी एसीसाठी भोकं पाडून ठेवलीत." मग मी आईचं सांगितलं. त्या गप्प झाल्या. त्यांच्या सासूबाई बाथरूममध्ये पडूनच अंथरुणाला खिळल्या होत्या, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. तरी परवानगी लगेच दिली नाही, आणि मला ते रास्त वाटलं. त्यांना समोर काही दिसत नव्हतं, आणि भाडेकरू फोनवर "वायर टाकायची आहे" म्हणतो तेव्हा मालकाच्या डोळ्यांसमोर छिन्नी-हातोडीच येते.

मी त्यांना व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले: बोर्डाचा डमीसकट, आतल्या बॉक्सचा, आणि छताच्या बुरशीचा. खाली लिहिलं की भिंतीला कुठेही हात लागणार नाही, वायर आहे त्याच पाइपमधून जाईल, बटण डमीच्या जागी बसेल, काम परवानाधारक ठेकेदाराचा वायरमन करेल, खर्च आमचा. पाइपमधून वायर गेली नाही तर काम तिथेच थांबवू आणि होतं तसं बंद करू.

त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही घर सोडाल तेव्हा? परत होतं तसं करून द्याल ना?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, पण त्याचं उत्तरच सगळ्यात पटणारं ठरलं. मी म्हटलं, "काकू, परत एका बटणावर आणायचं असेल तर बोर्डातल्या दोन वायर एका बटणाला लावायच्या आणि डमी परत बसवायचा. दहा मिनिटांचं काम. डमी मी जपून ठेवते." त्यांनी त्याच संध्याकाळी "ओके, करून घे. काळजी घ्या आईंची" असा मेसेज पाठवला. तो मेसेज हीच माझी लेखी परवानगी, त्याचा स्क्रीनशॉट करारासोबत ठेवला आहे.

मधल्या बारा दिवसांत आम्ही कमोडच्या वर एक चार्जिंगचा सेन्सर दिवा दुहेरी टेपने चिकटवला. माणूस आत आला की लागतो, थोड्या वेळाने विझतो. आईची रात्र त्याच दिवशी सुटली. ज्यांचे मालक काहीच करू देत नाहीत त्यांनी निदान एवढं तरी आजच करावं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त ते चार्ज करायची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी लागते. आमचा एकदा पहाटे संपला होता.

साडेतीन मीटर

दुसरा वायरमन पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने दिव्याचा बॉक्स पाच मिनिटं नुसता पाहिला. मग जे म्हणाला ते ऐकून मला फार बरं वाटलं: "फॅनपर्यंत काही टाकायचं नाहीये. इथपर्यंतच."

आम्ही सगळे समजत होतो की बोर्डापासून फॅनपर्यंत नवी वायर ओढायची. पण दिव्यापासून फॅनपर्यंत एक लाल वायर आधीच गेली आहे. ती दिव्याच्या लालला जोडलेली आहे एवढंच. गाठ सोडली की ती मोकळी होते. मग बोर्डापासून दिव्याच्या बॉक्सपर्यंत एकच नवी वायर आणायची आणि ती फॅनच्या लालला जोडायची. जुनी लाल दिव्याची, नवी फॅनची. न्यूट्रल आणि अर्थ दोघांना मिळून तसंच राहतं. म्हणजे सगळं काम पाइपच्या पहिल्या तुकड्यात, साधारण साडेतीन मीटर.

रिमोटवर चालणारा रिसीव्हर बॉक्समध्ये टाकायचा पर्यायही मी त्याला विचारला होता. जुनी लाल कायम चालू ठेवायची, आत रिसीव्हर दिवा आणि फॅन वेगवेगळे चालवतो, बाहेर भिंतीवर बिनवायरीचं बटण चिकटवायचं. पाइप बंद असता तर आम्ही तिकडेच वळलो असतो. पण तो रिसीव्हर बसणार आरशावरच्या वाफेच्या जागी, आणि बिघडला तर रात्री दोन वाजता दिवा लागणार नाही. ७६ वर्षांच्या माणसाला अंधारात हात नेला की सापडणारं, दाबलं की लागणारं साधं बटण हवं असतं. वायर जात असेल तर वायरच चांगली, हे माझं ठाम मत आहे.

एमसीबी पाडला, इन्व्हर्टर बंद केला, टेस्ट लॅम्प लावून पाहिला. मग बोर्डाकडून स्प्रिंग, म्हणजे पाइपमधून वायर ओढून आणायची लवचीक पट्टी, सोडली. दोन मीटरच्या आसपास गेली आणि अडली. मागे-पुढे केली, फिरवली, पुन्हा तिथेच. माझ्या पोटात गोळा आला. अशा वेळी एक करता येतं: जुनी वायर सोडवून तिच्याच टोकाला नवी आणि जुनीची बदली अशा दोन्ही बांधायच्या आणि दुसऱ्या बाजूने ओढायच्या. पण मध्ये तुटली तर होती ती वायरही गेली, आणि मग बाथरूममध्ये दिवाच नाही. त्याने तसं केलं नाही. म्हणाला, "पाइपच्या जोडाला कड असते. इकडून अडते ती तिकडून अडत नाही कधीकधी."

स्टुलावर चढून त्याने दिव्याच्या बॉक्समधून खाली स्प्रिंग सोडली. हळू, हाताने वाट चाचपत. आणि ती बोर्डात निघाली. मी बोर्डाजवळ उभी होते, पितळी टोक बाहेर आलेलं दिसल्यावर ओरडलेच.

वायर १ चौरस मिलिमीटरची तांब्याची, पिवळी. लाल पुन्हा घेतली असती तर पुढच्याला कोणती कुणाची ते कळलं नसतं. काळी आणि हिरवी तर घ्यायचीच नाही. टोकाला थोडी टाल्कम पावडर लावून, वरून तो ओढत होता आणि खालून मी सोडत होते. इन्सुलेशन सोलू नये म्हणून झटका न देता. वर गाठ सोडून पिवळी फॅनच्या लालला, दिव्याची लाल दिव्याला, दोन्ही कनेक्टरमध्ये कसून. फॅनच्या लाल वायरच्या टोकाला त्याने पिवळी टेप गुंडाळली, हे मी सांगितलं नव्हतं. खाली डमी काढून ६ अँपिअरचं बटण, त्याला फेजचा लूप आणि पिवळी.

त्याने आणखी एक काम केलं. गिझरची ती तिसरी हिरवी वायर. गिझरच्या जाड वायरच्या पाइपमधून स्प्रिंग सहज गेली, म्हणून त्यातूनच गिझरला स्वतंत्र अर्थ आणून दिला. त्याचे पैसे काकूंनी दिले, मी मागितले नव्हते. सगळं मिळून दोन तास.

त्यानंतर

रात्रीचं सांगायला फार काही नाही. दिव्याच्या बटणावर मी चमकणाऱ्या स्टिकरचा छोटा ठिपका लावला आहे, आई तो बघून हात नेते. नात झोपलेली राहते. सेन्सरचा दिवा काढला नाही, लाइट गेली आणि इन्व्हर्टरही संपला तर असावा म्हणून.

बुरशीचं मात्र लगेच काही झालं नाही, आणि त्याने मला कोड्यात टाकलं. आंघोळीनंतर फॅन वीस मिनिटं चालू ठेवायचा नियम आम्ही केला. हिशोब असा होता: खोलीचं घनफळ उंची २.७ मीटर धरून साधारण ६.८ घनमीटर. फॅनवर तासाला २५० घनमीटर लिहिलंय, पण ते मोकळ्या हवेतलं. डक्ट, जाळी, धूळ धरून निम्मं पकडलं तरी सव्वातीन मिनिटांत एकदा सगळी हवा बदलायला हवी, वीस मिनिटांत सहा वेळा. तरी आरसा धूसर राहायचा.

एके दिवशी सहज फॅनसमोर टिश्यू पेपर धरला. दार बंद होतं, कागद जेमतेम हलला. दार उघडलं आणि कागद फॅनच्या जाळीला जाऊन चिकटला. झुरळं येऊ नयेत म्हणून दाराच्या खाली आम्हीच रबरी पट्टी लावली होती, दार बंद केलं की खोली डबीसारखी बंद. आत हवा यायला वाट नसेल तर फॅन बाहेर काय टाकणार? नुसता फिरत होता. आता बाहेर पडताना दार चार बोटं उघडं ठेवतो. छत ब्लीचच्या पाण्याने पुसलं, आणि पावसाळा संपेपर्यंत कोपरा काळा झाला नाही. एवढा सगळा खटाटोप करून वेगळं बटण लावलं आणि खालच्या रबरी पट्टीमुळे ते महिनाभर निम्मं वाया जात होतं.

फॅन चालू राहून जातो, हेही होतं. दिव्यासारखा डोळ्यांना दिसत नाही. दिवसभर राहिला तर २४ तासांचे ०.७२ युनिट. आम्ही टायमर लावला नाही. शेवटी आंघोळ करणारा नवरा असतो, त्याच्या फोनचा गजर हाच टायमर.

एक काम राहिलं आहे. वायरमनने जाताना डीबीचं झाकण उघडून दाखवलं: आत नुसते एमसीबी, आरसीसीबी नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता तर गिझरमधून करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागताच त्याने पुरवठा तोडला असता. त्या पंधरा मिनिटांच्या तोडग्याला हो म्हणाले असते तर या घरात मध्ये अडवणारं काहीच नव्हतं. काकूंना सांगितलं आहे, त्या तयार आहेत. पण इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल आणि बाकी घराचा न्यूट्रल कुठे एकत्र झाले आहेत का ते आधी शोधायला हवं, नाहीतर तो कारण नसताना पडत राहील आणि कंटाळून कुणीतरी काढून टाकेल. त्यासाठी वायरमन पुढच्या रविवारी येणार आहे. काकूही त्या दिवशी नाशिकहून येतो म्हणाल्यात. डमी मी एका पाकिटात घालून, त्यावर "बाथरूम बोर्ड, पिवळी वायर फॅनची" असं लिहून डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवला आहे.